‘सात दिवसांत पोरगा अतिरेकी’ सांगणाऱ्या मेसेजला नागपूरहून उत्तर

मागच्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. कॉलनीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या शिक्षकांच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, आणि चौथ्यांदा एका विद्यार्थ्याच्या आईकडून, ‘मॅडम, हे खरं आहे का?’ असं विचारत. मेसेजचा मथितार्थ असा:

‘आयसिस आता तुमच्या मोबाइलमध्ये शिरली आहे. त्यांचा एक व्हिडिओ पाहिला की सात दिवसांत मुलाचं डोकं फिरतं. ठरावीक वस्त्यांतली अडाणी, बेकार पोरं यात सापडतात. व्हॉट्सॲप-टेलिग्राम बंद केलं की दहशतवाद संपेल. सरकार सगळ्यांचे मेसेज वाचत आहे, तीन टिक दिसल्या तर समजून जा. सोबतचा व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर टाका, जागृती करा. कुणाचा संशय आला तर फोटो आणि नाव व्हायरल करा.’

मी कनिष्ठ महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान शिकवते. सोळा-सतरा वर्षांची मुलं रोज समोर बसतात, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी दूरचा नाही. धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. आयसिसशी संबंधित ३७ गुन्ह्यांत १६८ जणांना अटक झाल्याचं एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने, सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. आपल्या नागपूरच्या विमानतळावरही डिसेंबर २०१५ मध्ये हैदराबादच्या तीन तरुणांना एटीएसने, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, थांबवलं. ते श्रीनगरला निघाले होते आणि आयसिसमध्ये जायचा त्यांचा बेत होता, असं पोलिसांनी सांगितलं. धोका आहे म्हणूनच त्याबद्दल चुकीचं सांगणं मला सहन होत नाही.

सात दिवसांपासून सुरुवात करते. एका व्हिडिओने कुणी अतिरेकी होत नाही. एनआयएने आपल्या तपासांतून मांडलेली पद्धत वेगळीच आहे. आधी मुलगा उघड समाजमाध्यमांवर काहीतरी बघतो, शोधतो, प्रतिक्रिया देतो. मग परदेशात बसलेला कुणीतरी त्याच्याशी बोलायला लागतो आणि बोलणं खासगी ॲपवर नेतो. मुलगा किती भोळा, किती तयार, हे जोखून त्याला काम दिलं जातं. मजकूर पुढे टाक, प्रचाराचं आपल्या भाषेत भाषांतर कर. त्याच्याही पुढे गट जमवणं, पैसे गोळा करणं, हत्यारं. म्हणजे मधे एक माणूस असतो, आणि वेळ असतो. ‘सात दिवस’ वाचलेल्या आईला वाटतं, एकदा बघितलं म्हणजे पोरगा गेलाच. ती फोन हिसकावते, मारते. आणि ज्या महिन्यांत त्याच्याशी बोलता आलं असतं ते महिने हातचे जातात. मुलाला नेमकं तेच ऐकवलेलं असतं की घरचे तुला समजून घेणार नाहीत. ते खरं ठरवायला आपण मदत करतो.

तो वेळ वापरता येतो याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डिसेंबर २०१५ मध्येच पुण्यातली एक सोळा वर्षांची मुलगी ऑनलाइन संपर्कातून सीरियाला जायच्या विचारापर्यंत पोहोचल्याचं एटीएसला कळलं. तिला तुरुंगात टाकलं नाही. घरचे, धर्मगुरू आणि अधिकारी यांनी मिळून तिचं समुपदेशन केलं. दर वेळी यश येतं असंही नाही. नागपूरला थांबवलेल्या त्या हैदराबादच्या गटातल्या एकाला २०१४ मध्येही परत आणून समजावलं होतं, आणि २०१८ मध्ये एनआयएने त्याला अटक केली. समुपदेशन हा जादूचा मंत्र नाही. तरी एका मुलीचं आयुष्य वाचलं असेल तर तो रस्ता बंद करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

‘अडाणी, बेकार पोरं.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कुठलं प्रकरण वाचलंय? २०१४ मध्ये कल्याणहून इराकला गेलेल्या चौघांमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. त्याच वर्षी डिसेंबरात ‘शमी विटनेस’ नावाचं ट्विटर खातं उघडकीला आलं. आयसिसचा प्रचार करणाऱ्या त्या खात्याला १७ हजारांवर फॉलोअर होते आणि ते चालवणारा बंगळुरूतला नोकरदार इंजिनिअर निघाला. १ जुलै २०१६ ला ढाक्याच्या होली आर्टिझन बेकरीत ओलिसांना मारणाऱ्यांमधले काही जण खात्यापित्या घरांतले, महागड्या शाळांत शिकलेले होते. पदवी आणि पगार हे कवच नाही.

आणि ‘ठरावीक वस्त्या’ म्हणजे कोणत्या, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. मोमिनपुरा या मुस्लिम वस्तीतून माझ्या वर्गात येणाऱ्या मुली हा मेसेज वाचतात, कारण त्याही ग्रुपवर आहेत. २०१५ मध्ये देशातल्या हजारावर मुस्लिम धर्मगुरूंनी आयसिसच्या विरोधात फतवा काढला, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. एखाद्या घरात मुलाचं काही बिनसलं तर सगळ्यात आधी त्या घरालाच कळतं. ज्या वस्तीला तुम्ही आधीच गुन्हेगार ठरवलं, तिथली आई पोलीस ठाण्याची पायरी कशी चढेल?

ॲप बंदीबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यात ‘आम्ही निघालो, सुरू करतोय’ हा निरोप साध्या एसएमएसने गेला होता, म्हणजे ॲप नसलं तरी निरोप जातोच. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये १४ मेसेजिंग ॲप बंद केली, तेवढ्याने दहशतवाद संपला नाही. कारवाईचा उपयोग होतो, नाही असं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेच्या मोहिमेत टेलिग्रामवरची आयसिसची खाती मोठ्या संख्येने उडवली तेव्हा त्यांची घडी विस्कटली होती. पण ती खाती उडवली होती, टेलिग्राम नाही. एक गैरसमजही इथेच दूर करते. टेलिग्रामवरचं साधं चॅट एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येणार नाही असं) नसतं, ‘सिक्रेट चॅट’ तेवढं असतं.

तीन टिकांची थाप जुनी आहे. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेक या तथ्य-तपासणी विभागाने ती केव्हाच खोटी ठरवली, आणि व्हॉट्सॲपमध्ये तिसरी टिक नसतेच. पण या थापेतून जे उगवतं त्याबद्दल बोलायलाच हवं. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त काकांना व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला माणूस. ‘एटीएसमधून बोलतोय, तुमच्या आधार कार्डावर अतिरेक्यांना पैसे गेलेत, खोलीतून हलायचं नाही.’ काकांना खरंच वाटलं, कारण ‘सरकार सगळं बघतंय’ हे ते सहा महिने ग्रुपवर वाचत होते. काकू दळण घेऊन घरी आल्या म्हणून पैसे वाचले. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं. कुठलीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे मागत नाही. असा कॉल आला तर तोडा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता ज्या ओळीमुळे मी हे सगळं लिहायला बसले ती: ‘सोबतचा व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर टाका.’

दहशतवाद्याला माणसं मारून थांबायचं नसतं. बाकीच्यांनी ते बघावं, हाच हेतू असतो. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने दोन मशिदींत ५१ जणांना मारलं आणि फेसबुकवर थेट दाखवलं. १७ मिनिटांचं ते प्रक्षेपण चालू असताना दोनशेहून कमी लोकांनी पाहिलं होतं. पण पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या, त्यातल्या १२ लाख चढवतानाच अडवल्या. मारेकऱ्याने एकदाच दाखवलं, बाकीचं लोकांनी केलं. त्यातले कित्येक ‘बघा किती भयंकर’ म्हणूनच पाठवत असतील. जिहादी असो वा गोरा वर्चस्ववादी, यांचा प्रचार याच रस्त्याने फिरतो.

आपल्याला तर हे २६/११ नेच शिकवायला हवं होतं. मुंबईत १६६ माणसं मेली, आणि कराचीत बसलेले सूत्रधार आपल्या टीव्ही वाहिन्या बघून हॉटेलातल्या हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा कॅमेरे वाहिन्यांकडे होते. आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

आणि नागपूरकरांनो, १७ मार्च २०२५ ची आपल्या महाल भागातली संध्याकाळ आठवा. धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली, दगडफेक, जाळपोळ, मग कितीतरी पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी. एक माणूस जिवानिशी गेला. राज्याच्या सायबर पोलीस यंत्रणेने, महाराष्ट्र सायबरने, १४० हून अधिक आक्षेपार्ह पोस्ट शोधून काढल्या. त्या रात्री माझ्या फोनवर आलेल्या व्हिडिओंतला कुठला आपल्या शहरातला आणि कुठला दुसरीकडचा, मला आजही सांगता येणार नाही. मी तेव्हा दोन पुढे पाठवले होते. त्याची मला लाज वाटते.

कायद्याचंही ऐका. प्रतिबंधित दहशतवादी संघटनेला बळ मिळावं म्हणून पाठिंबा देणं यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तो नसेल, पण तुमच्या फोनवरून असा व्हिडिओ पन्नास ग्रुपांवर गेल्यावर हेतू समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येते. व्हिडिओ आला तर त्या ॲपमध्येच रिपोर्ट करा आणि कुणालाही पाठवू नका. गंभीर, तातडीचं वाटलं तर पोलिसांना ११२ वर फोन करा.

शेवटचं, ‘फोटो आणि नाव व्हायरल करा.’ १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या, तेवढं पुरलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पाठवता येईल अशी मर्यादा आणली. राईनपाड्यात मेलेल्या त्या पाच जणांपैकी कुणाचाही दोष नव्हता.

विचारणाऱ्या आईला मी फोनवर हेच सगळं सांगितलं, जरा सोपं करून. तिचा खरा प्रश्न वेगळा होता. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कुणाशी तरी बोलतो आणि ती आली की स्क्रीन पालथी करतो. प्रेमप्रकरण असेल, गेम असेल, ऑनलाइन सट्टा असेल, काहीही असेल. तिला म्हटलं, फोन हिसकावू नका, शेजारी बसा, आणि हवं तर दोघं मिळून कॉलेजात या. ती सोमवारी येते म्हणाली.

मेसेज पाठवणाऱ्या बाकी तिघांशीही बोलले. कॉलनीच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपवरून तो काढून टाकला. माहेरच्या ग्रुपवर अजून आहे, तिथल्या मोठ्या काकांना समोरासमोर बसूनच सांगावं लागेल. रविवारी जाणार आहे.