बंदुकीपेक्षा साखरेची पोती बघा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या फ्रँकलिन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) चोरून दारू गाळणाऱ्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात ते नुसते बंदूकवाले दरोडेखोर वाटतात. खरा धंदा साखरेचा होता. तिथल्या ब्लू रिज डोंगररांगेच्या उतारावर मका पिकायचा, पण मका तसाच विकून हातात काय पडणार? मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट आंबवायचं, ओढ्याकाठी तांब्याच्या भांड्यात उकळायचं आणि वाफ थंड पाण्यातल्या वेटोळ्या नळीतून काढायची. थोडक्यात, हातभट्टीच. गिऱ्हाईक काचेची बरणी हलवून बुडबुडे बघायचं. मोठे बुडबुडे येऊन झटकन फुटले की माल कडक!

तिथे दारूबंदी १९१६ पासूनच होती, देशभरची १९२० ला आली. दारूबंदीची अंमलबजावणी तपासणाऱ्या सरकारच्या विकरशॅम आयोगाच्या कागदपत्रांत तर या काउंटीत शंभरातले नव्व्याण्णव लोक या धंद्यात असल्याचं म्हटलंय. अतिशयोक्ती असेल, पण मग पकडणारं उरलं कोण?

लेखात १९३५ चा, रोआनोक शहरात या दारूवाल्यांवर चाललेला खटला एका ओळीत उरकलाय, तिथेच माझी तक्रार आहे. दारूबंदी १९३३ लाच उठलेली, त्यामुळे आरोप होता दारूवरचा कर बुडवण्याच्या कटाचा, आणि आरोपींत पोलीसवालेही होते. हप्त्याला तिकडे 'ग्रॅनी फी' म्हणत, आजीबाईंचा खाऊच जणू! बरेच जण दोषी ठरले. आरोपींतलेच एक, काउंटीचे सरकारी वकील कार्टर ली मात्र निर्दोष सुटले. त्याआधी १९३४ मध्ये एका डेप्युटी शेरीफला (तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला) गोळ्या घालून मारलं होतं. त्यावर एक वेगळा लेख येऊ द्या की.