बोलणारा पकडला जातो, पसरवणारा नाही

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत एकदा "मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा" असा मेसेज आला, सोबत कुठल्या तरी सीसीटीव्हीचा अंधुक व्हिडिओ, आणि दहा मिनिटांत खाली हात जोडलेल्यांची रांग. मी विचारलं हा कुठला व्हिडिओ, तर पाठवणाऱ्या काकू म्हणाल्या, अगं माहेरच्या ग्रुपवर आला, काळजी वाटली म्हणून टाकला. मला त्यांचा राग आला नाही. मला राईनपाडा आठवलं आणि पोटात गोळा आला.

विसरलो असू आपण, म्हणून सांगते. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूरच्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागायला तिथे आले होते. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा आठवडेच्या आठवडे मोबाईलवर फिरत होत्याच, कोणीतरी ओरडलं, जमाव जमला, आणि पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारलं. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबावर तीच पाळी येणार होती, तिथल्या लोकांनी आणि पोलिसांनी वाचवलं. त्या काळात देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक तर चक्क कराचीची होती, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्ममधली. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला आणि उरलेला तुकडा आपल्याकडे फिरत राहिला.

आता पुढचं नीट वाचा, कारण मला जे म्हणायचंय ते इथे आहे. दोन दिवसांत केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला खडसावलं. कंपनीने पेपरात पानभर जाहिराती दिल्या, मेसेजवर "फॉरवर्डेड" अशी पट्टी आणली, आणि त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं ठरवलं, आधी एका दमात शेकडो चॅटना जायचं. फोटो-व्हिडिओच्या शेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही काढलं. २०१९ च्या जानेवारीत पाचची मर्यादा जगभर लागू केली आणि त्यांच्याच हिशेबाने एकूण फॉरवर्ड २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनात, खूप वेळा फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, तर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले. आकडे कंपनीचेच आहेत, बाहेरच्या कोणी मोजलेले नाहीत, हे मान्य. पण कोणाला अटक न करता, कोणाचा मेसेज न वाचता, नुसता एका बटणाला अडसर घातला तर एवढा फरक पडतो. म्हणजे पाच माणसं मेल्यावर जे केलं ते आधीही करता आलं असतं. बटण कुठे असावं हे कॅलिफोर्नियात बसून कोणीतरी ठरवतं आणि त्याचा निकाल साक्रीत लागतो, आणि हा निर्णय आपण ज्यांना निवडून देतो त्यांच्या हातात कधी नव्हताच.

बरं, ज्यांना निवडून देतो ते काय करतात? ते बोलणाऱ्याच्या मागे लागतात. दरवेळी.

पालघर आठवतंय? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे, आणि तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक. लाइक करणारीलाही! आणि पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली हे घडलं ते कलम असलेली दुरुस्ती लोकसभेने २२ डिसेंबर २००८ ला चर्चा न करता मंजूर केली होती, आणि कलमाची भाषा इतकी सैल की ज्याने कोणाला "त्रास" होईल असं काहीही लिहिलं तरी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तेव्हा केंद्रात काँग्रेसचं सरकार, हे मुद्दाम सांगते, कारण काही जणांना वाटतं ही सगळी गोष्ट २०१४ नंतरच सुरू होते. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला ते कलम पूर्ण रद्द केलं. तरी पोलीस ठाण्यांत ते कलम लावणं चालूच राहिलं, इतकं की २०२२ च्या ऑक्टोबरात कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो या कलमाखाली कोणावर खटला चालवू नका.

मग २०२१ चे आयटी नियम. त्यात काय, तर मेसेज सगळ्यात आधी कोणी पाठवला ते मेसेजिंग कंपनीने शोधून द्यायचं. म्हणजे परत तेच, पहिला कोण ते सांगा. यासाठी सगळ्यांच्याच मेसेजचं कुलूप, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच मेसेज वाचता येऊ नये अशी सोय, सैल करावं लागेल म्हणून व्हॉट्सॲप दिल्ली हायकोर्टात गेलं. मी त्या कंपनीची वकील नाही, पण नवऱ्याच्या मारहाणीचे फोटो बहिणीला पाठवणारी बाई किंवा ग्रामसेवकाचा घोटाळा पत्रकाराला पाठवणारा शिपाई, यांचं कुलूप मला शाबूत हवंय. मग २०२३, सरकारबद्दलची बातमी खोटी की खरी हे सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार अशी दुरुस्ती. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई हायकोर्टात गेले, जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं, आणि सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

कोण बोललं, काय बोललं, ते खरं की खोटं, एवढेच प्रश्न विचारले जातात. ते लाखो लोकांपर्यंत पोचवलं कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या यादीवरून, हे कोणी विचारत नाही. का विचारत नाहीत ते मला माहितीये, कारण ती यंत्रणा मी आतून पाहिली आहे.

२०१९ च्या विधानसभेला मी आमच्या भागातल्या एका उमेदवाराच्या ऑफिसात दीड महिना काम केलं. नाव, पक्ष काही सांगणार नाही. हातात दुसरं काम नव्हतं आणि पैसे बरे होते. एका हॉलमध्ये आम्ही नऊ जण, समोर लॅपटॉप आणि टेबलभर स्वस्तातले फोन, प्रत्येकावर वेगळं सिम. मतदार यादी टाकलेलं एक सॉफ्टवेअर होतं, त्यात बूथप्रमाणे, इमारतीप्रमाणे, वयाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे यादी लावता यायची. आडनावाप्रमाणे का लावतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एकाच्या नावापुढे मयत, एकापुढे दुबार, एकापुढे "बाहेरगावी, गाडी पाठवायची", आणि शेवटच्या रकान्यात मोबाईल नंबर. हे नंबर आले कुठून असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. एक मुलगा म्हणाला काही रिचार्जच्या दुकानातून, काही पैठणीच्या खेळात बायकांनी लकी ड्रॉसाठी भरलेल्या कूपनांवरून. माझ्या आईने दोन वर्षांपूर्वी असंच कूपन भरलं होतं. मी शोधलं, तिचा नंबर त्यात होता.

पाचच्या मर्यादेचं काय केलं विचाराल तर तिने आम्हाला त्रास झाला, खरंच झाला, आणि म्हणूनच मी म्हणते की अशा अडसरांचा उपयोग होतो. पण नऊ जण दिवसभर तेवढंच करत असतील तर वाट निघते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एका दमात अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ नंबर, पण समोरच्याने आपला नंबर सेव्ह केला असेल तरच मेसेज पोचतो, म्हणून पोरं घरोघरी जाऊन "पाणी, लाईट, काही अडचण असेल तर हा नंबर सेव्ह करा" असं सांगून यायची. लोकांनी सेव्ह केले. अडचणीसाठी केले होते.

१९ ऑक्टोबरला संध्याकाळी प्रचार थांबला. लाऊडस्पीकर बंद, रस्ते शांत. आमच्या हॉलमध्ये मात्र खरं काम तेव्हाच सुरू झालं. रात्री विरोधी उमेदवाराबद्दल एक मेसेज आला, अमुक समाजाबद्दल तो एका खाजगी बैठकीत काय म्हणाला असा, ऑडिओ नाही, व्हिडिओ नाही, नुसता मजकूर. मी विचारलं हे खरं आहे का. उत्तर मिळालं, ताई, पाठवायचंय. मी माझ्या फोनवरच्या सगळ्या लिस्टना पाठवला. कुठे मारामारी झाली नाही, सुदैवाने. पण राईनपाडा होऊन सव्वा वर्षच झालं होतं आणि मला तेव्हा ते आठवलंसुद्धा नाही, हे मला आजही झोपू देत नाही.

हे एकाच पक्षाचं आहे असं समजू नका, त्या हॉलमधली दोन पोरं पुढच्या निवडणुकीत समोरच्याकडे गेली, तीच लिस्ट घेऊन. २०१८ च्या सप्टेंबरात राजस्थानातल्या कोट्याला अमित शाह कार्यकर्त्यांसमोर बोलले होते ते बातम्यांत आलंय, खरा असो की खोटा, कुठलाही मेसेज आम्ही लोकांपर्यंत पोचवू शकतो अशा अर्थाचं. खोटं पसरवू नका असंही त्याच भाषणात ते म्हणाले, हे न सांगणं बरोबर होणार नाही. पण त्या ताकदीचा अभिमान त्यात स्पष्ट होता, आणि तो अभिमान प्रत्येक पक्षाच्या ऑफिसात आहे. ज्यांना ही यंत्रणा निवडणूक जिंकून देते ते तिला लगाम घालणारा कायदा स्वतःहून कशाला करतील?

निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच सांगितलंय की उमेदवाराने आपली सोशल मीडियाची खाती प्रतिज्ञापत्रात द्यायची आणि त्यावरचा खर्च, माणसांच्या पगारासकट, हिशेबात दाखवायचा. आम्हाला पैसे रोख मिळत होते, पाकिटात. मला हवंय ते एवढंच, की पक्षाने किती ग्रुप चालवले, सॉफ्टवेअर कोणाकडून घेतलं, आणि त्यातला प्रत्येक नंबर कुठून आणला हे लिहून द्यावं, नाही दिलं तर उमेदवारावर कारवाई व्हावी. कोणी काय लिहिलं ते वाचायची गरजच नाही त्यासाठी.

यावेळच्या नगरपरिषदेला एक उमेदवार दारात आला, तरुण, नम्र, आदल्याच दिवशी त्याचा मेसेज मला नावानिशी आला होता. मी विचारलं, दादा, माझा नंबर कुठून मिळाला? तो म्हणाला, ताई, मतदार यादीत होता ना.

मतदार यादीत मोबाईल नंबर नसतो.