‘कॉम्प्युटरला कॉलेज कशाला?’ : एका फॉरवर्डचा समाचार

ॲडमिशनचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा मला तो तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या सोसायटीचा. मजकूर थोडक्यात असा: ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बीसीए, बीएस्सी सीएससाठी लाखांची फी भरू नका. देशातले सर्वांत हुशार प्राध्यापक एनपीटेलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर) फुकट शिकवतात. ज्याला शिकायचंय तो घरबसल्या आपल्या वेगाने शिकतो. अडलं तर एआय चोवीस तास हजर. कॉलेजने फक्त परीक्षा घ्यावी आणि डिग्री द्यावी. जागे व्हा पालकहो!’

मी हाच विषय शिकवून पोट भरतो, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने वाचा. आणि लिहिणाऱ्याचा राग उगाच नाही, हेही आधीच कबूल करतो. निळ्या पडद्याचा टर्बो सी, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवायचं जुनं साधन, कित्येक लॅबमधून अजून हललेला नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं हे सॉफ्टवेअर नव्या मशीनवर सरळ चालतही नाही. जुने प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या डॉसबॉक्सचा टेकू लावून चालवतात. त्यात साधा पूर्णांक १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढची संख्या त्यात मावतच नाही; १ मिळवला की उत्तर उणे ३२७६८. पोरगं घरी लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम चालवतं, ३२७६८ येतं, आणि जर्नलमध्ये मात्र सरांना हवं ते उत्तर उतरवतं. वर ती जर्नल हाताने लिहायची, सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची बघून. अशा प्रॅक्टिकलपेक्षा यूट्यूब बरं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण मेसेज तेवढ्यावर थांबत नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘हुशार प्राध्यापक एनपीटेलवर फुकट शिकवतात.’ फुकट आहेत, आणि उत्तम आहेत. सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने २००३ मध्ये हे काम सुरू केलं. मी स्वतः त्यांचे व्हिडिओ पाहून लेक्चरची तयारी करतो. फक्त प्रमाणपत्राची अट वाचा. दर आठवड्याची असाइनमेंट ठरलेल्या तारखेला द्यायची, त्याला २५ टक्के; उरलेले ७५ टक्के परीक्षेला, आणि ती द्यायला हजार रुपये भरून ओळखपत्र घेऊन केंद्रावर जायचं. तारखा आहेत, पर्यवेक्षक आहे, उशीर झाला तर मार्क गेले. म्हणजे ‘आपल्या वेगाने, घरबसल्या’ हे एनपीटेललाही जमलेलं नाही, किंवा त्यांनी ते मुद्दाम ठेवलेलं नाही. मला दुसरं खरं वाटतं.

‘ज्याला शिकायचंय तो घरबसल्या शिकतो.’ मेसेजचा कणा हे वाक्य आहे. आणि याची परीक्षा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने दहा-बारा वर्षांपूर्वीच घेतली आहे. तीही दोन प्रकारे, काही महिन्यांच्या अंतराने.

पहिला प्रयोग २०१२ च्या शरद सत्रातला, इलेक्ट्रॉनिक सर्किट्सच्या विषयावर. मुलांनी एमआयटीचे व्हिडिओ घरी पाहून यायचं आणि वर्गाचा तास शंका आणि गटात बसून गणितं सोडवण्यासाठी ठेवायचा. सर तिथेच, टेबलाटेबलांमधून फिरणारे. त्या वर्गात ९१ टक्के मुलं पास झाली. तोच विषय नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या दोन तुकड्यांचे निकाल होते ५५ आणि ५९ टक्के.

दुसरा प्रयोग जानेवारी २०१३ मध्ये युडॅसिटी या कंपनीबरोबर जाहीर झाला, मोठ्या गाजावाजात. गणित आणि संख्याशास्त्राचे तीन प्राथमिक अभ्यासक्रम, पूर्ण ऑनलाइन. व्हिडिओ चांगले होते, मदतीला ऑनलाइन मार्गदर्शकही होते. तरी पास होणाऱ्यांचं प्रमाण वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा खाली गेलं आणि जुलैत विद्यापीठाने प्रयोग थांबवला. उन्हाळी सत्रात निकाल सुधारले खरे, पण तेव्हा बसलेल्यांत आधीच पदवी हातात असलेले बरेच जण होते.

या दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही; विषय वेगळे, मुलं वेगळी. दुसऱ्या प्रयोगात तर आधीच गणितात मागे पडलेली मुलं मुद्दाम घेतली होती. पण मेसेज नेमका अशाच घरांत वाचला जातो ना? बारावीला कसेबसे मार्क काढलेलं पोर, घरात कॉम्प्युटरचं कुणी नाही, आणि फी वाचवायची घाई. ज्याला शिकायचं कसं हे आधीच कळलंय, त्याला व्हिडिओ पुरतो. बाकीच्यांना पुरत नाही, आणि पहिल्या वर्षाला आमच्यासमोर बसतात ते बाकीचेच.

वर्गात असं काय घडतं, जे व्हिडिओत घडत नाही? दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर दोन ओळी लिहितो. अ मध्ये ५ आहे, ब मध्ये ७. पहिली ओळ: अ = ब. दुसरी ओळ: ब = अ. आता कुणात काय? व्हिडिओत हे पाहताना सगळ्यांना समजल्यासारखं वाटतं. कागदावर उत्तर लिहायला सांगितलं की बरीच पोरं लिहितात, ‘अदलाबदल झाली’. मग शेजाऱ्याला पटवून द्या म्हणतो. दोन मिनिटं नुसता कालवा. त्यात कुणीतरी दोन चौकोन काढून दाखवतं की पहिल्याच ओळीत ५ पुसला गेला, दोन्हीकडे ७ च राहणार. ती चूक एकदा स्वतःच्या तोंडाने बोलून मोडली की परत होत नाही.

ही माझी युक्ती नव्हे. आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्या वर्गाने, अशी ही जुनी पद्धत आहे. पवईच्या आयआयटीत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या भल्यामोठ्या वर्गात तिचा अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवडे, तेरा वेळा हा खेळ खेळवला. सरासरी ८३ टक्के मुलं पूर्ण किंवा बहुतांश वेळ कामात गुंतलेली दिसली. मागच्या बाकावर मोबाइल खेळवणारी मुलं ज्याने पाहिलीत, त्याला या आकड्याची किंमत कळेल.

‘अडलं तर एआय हजर.’ हजर आहे, आणि तिथेच गोची आहे. तुर्कस्तानात शाळेच्या वरच्या वर्गांतल्या सुमारे हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला. काहींना सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला, काहींना फक्त इशारे देणारा, आणि काहींना काहीच नाही. सरावात साध्या चॅटबॉटवाल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली, इशारेवाल्यांची १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा वापरलेली मुलं काहीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाल्यांचं नुकसान बहुतांशी टळलं, पण ती पुढेही गेली नाहीत.

प्रोग्रॅमिंगमध्ये हे रोज दिसतं. मागच्या ओरलला एका मुलाचा प्रोग्रॅम इतका नीटनेटका होता की एक्स्टर्नल खूश. मी म्हटलं, यादी उलट्या क्रमाने छाप. एका ओळीचा बदल. पोरगा पडद्याकडे बघत राहिला. कुठली ओळ छापते हेच त्याला सापडेना. खोटं बोलला नाही बिचारा, ‘सर, चॅटजीपीटीने दिलं’ म्हणाला.

एआयला बंदी घाला असं माझं म्हणणं नाही. हार्वर्डच्या सीएस५० या कोर्सने २०२३ मध्ये स्वतःचा एआय केला आणि त्याला बदकाचं रूप दिलं. प्रोग्रॅमर मंडळींची जुनी सवय असते, चूक सापडेना की टेबलावरच्या रबरी बदकाला प्रोग्रॅम ओळीओळीने समजावून सांगायचा. त्यावरून हे बदक. ते चूक कुठे शोधायची याची दिशा देतं, तयार उत्तर हातात ठेवत नाही. पण असं बदक घरच्या मोबाइलवर आपोआप उगवत नाही. इशारा कुठे थांबवायचा हे कुणा शिक्षकाने आधी ठरवावं लागतं.

‘कॉलेजने फक्त परीक्षा घ्यावी.’ सरकारनेच सूट दिली आहे, असंही याला जोडून सांगतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करता येतात, हे खरं. ४० म्हणजे १०० नव्हे, एवढंच याला उत्तर.

लवचिकता हा शब्द मात्र मला या मेसेजवाल्याच्या हातात सोडायचा नाही, कारण ती खरंच हवी आहे. तालुक्याहून एसटीने येणाऱ्या मुलीची सकाळची बॅच बुडते. तिला लेक्चरचं रेकॉर्डिंग हवं, संध्याकाळी उघडी लॅब हवी, चुकलेली असाइनमेंट सुधारून परत देण्याची सोय हवी. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरवर प्रोग्रॅम आपोआप तपासणारं साधन फुकट मिळतं; पाच चाचण्यांपैकी कुठल्या दोन फसल्या हे तिला रात्री अकरालाही कळतं. का फसल्या, हे सकाळी आम्ही बघतो. आयआयटी मुंबईचे सॉफ्टवेअर शिकवणारे स्पोकन ट्यूटोरियल व्हिडिओ मराठीतही आहेत, जेमतेम दहा-दहा मिनिटांचे. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून तेच करत जायचं. खास स्वतः शिकण्यासाठी बनवलेला हा उपक्रम. तरी तो पसरला कॉलेजांच्या लॅबमधून, तिथल्या शिक्षकांच्या हातून.

यातल्या कशानेही शिक्षकाचं काम कमी होत नाही, उलट वाढतं. लेक्चर एकदा पाठ झालं की दहा वर्षं चालतं. साठ पोरांच्या साठ वेगळ्या चुका बघायला दरवर्षी नव्याने बसावं लागतं. काही कॉलेजांना ‘ऑनलाइन’ इतकं का आवडतं, याचं उत्तर यात आहे.

मेसेज ‘जागे व्हा पालकहो’ म्हणतो, तर जागे झालेल्या पालकांनी ॲडमिशनच्या वेळी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रॅक्टिकलच्या एका बॅचला मुलं किती आणि शिक्षक किती? पाचनंतर लॅब उघडी असते का? आणि जमलं तर लॅबमध्ये डोकावून एक मशीन सुरू करायला सांगा. निळा पडदा आला, तर त्या कॉलेजपुरतं मेसेजवाल्याचं म्हणणं मला मान्य आहे.