‘दुवा दिला की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

विकिपीडिया आणि मराठी विश्वकोशाचा संदर्भ प्रबंधात कसा द्यावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “विकिपीडियाच्या संदर्भावर एवढा कीस कशाला? दुवा दिला की झालं. मुळात विकिपीडिया प्रबंधात हवाच कशाला? विश्वकोशाच्या नमुन्यात साधा खंड क्रमांक नाही, आणि निघाले शिकवायला!” मतभेद असू द्या, पण ‘निघाले शिकवायला’ ही काय भाषा झाली? बारा वर्षं प्रबंधांच्या संदर्भसूच्या तपासतोय. एवढं सांगण्याचा हक्क मला नक्कीच आहे.

विश्वकोशाच्या नमुन्यात खंड क्रमांक राहिला, हे मान्य. आज दुरुस्त केलं. नोंदीचं शीर्षक, नोंदीच्या शेवटी छापलेलं लेखकाचं नाव, खंड आणि त्या खंडाचं प्रकाशनवर्ष, एवढं हवंच. पहिला खंड १९७६ चा आहे आणि संकेतस्थळावर छापील खंडांतलाच मजकूर आहे, म्हणून कित्येक गावांची लोकसंख्या तिथे १९७१ ची दिसते. वर्ष गाळून नुसता पाहिल्याचा दिनांक टाकला, तर तो आकडा आजचा वाटतो.

आता ‘दुवा दिला की झालं’. कुठला दुवा? ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला दुवा कायम लेखाच्या चालू आवृत्तीवर नेतो. तुम्ही उतरवून घेतलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी कुणी काढलं, तर परीक्षकाला ते सापडणारच नाही आणि खोटे तुम्ही ठरणार. म्हणून ‘इतिहास’ उघडायचा आणि जी आवृत्ती वाचली तिच्या दिनांक-वेळेवर टिचकी मारायची. आता पत्त्यात ‘ओल्डआयडी’पुढे (oldid) त्या आवृत्तीचा एक आकडा दिसेल. हा झाला शाश्वत दुवा. संदर्भ लिहिण्याच्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीची २०१९ ची सातवी आवृत्तीही हाच मागते. तेव्हा हा माझा हट्ट नव्हे.

देवनागरी शीर्षकाचा दुवा चिकटवला की आणखी एक घोळ होतो. प्रत्येक चिन्हामागे टक्क्याच्या खुणांसकट नऊ रोमन चिन्हं उमटतात. ‘मुंबई’त म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं, म्हणजे एवढ्याशा शब्दाची ४५! लांब शीर्षक असलं की दुवा छपाईत तुटतो, मध्ये मोकळी जागा शिरते आणि तो उघडत नाही. शीर्षक गाळून नुसता ओल्डआयडीचा आकडा ठेवला तरी योग्य आवृत्ती उघडते. मात्र पत्त्याच्या सुरुवातीचं, मराठी विकिपीडिया दाखवणारं ‘एमआर’ (mr) गाळू नका. इंग्रजी विकिपीडियावर तोच आकडा भलत्याच लेखाचा असतो.

शाश्वत दुव्यालाही मर्यादा आहे, तीही सांगतो. जुनी आवृत्ती उघडली तरी त्यातले साचे (अनेक लेखांत वापरले जाणारे तयार तुकडे) आणि चित्रं आजचीच दिसतात. लेखाच्या बाजूच्या माहितीचौकटीतला आकडा विकिडेटावरून, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक माहितीसाठ्यावरून येत असेल, तर तोही आजचाच. असा आकडा वापरायचा असेल तर पान त्याच दिवशी वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करून तो दुवा द्यावा. लेख वगळला गेला, तर शाश्वत दुव्यावरही सामान्य वाचकाला काही दिसत नाही.

एवढं सगळं ‘दुवा दिला की झालं’मध्ये कुठे बसतं, ते तुम्हीच सांगा.

विकिपीडिया प्रबंधात हवा की नको, हा वेगळा विषय. मी इथे तो काढलेलाच नाही.

संदर्भाची सुरुवात लेखाच्या शीर्षकाने करा, ‘लेखक : विकिपीडिया’ असं लिहू नका. मग मराठी विकिपीडिया, आवृत्तीचा दिनांक आणि वेळ, शाश्वत दुवा. यात काही चुकलं असेल तर जरूर दाखवा, पण कुठल्या पायरीत चुकलं तेही लिहा. नुसत्या टोमण्याला यापुढे उत्तर देणार नाही.