पावतीवर काय लिहायचे?

गेल्या महिन्याभरात चांदीच्या लोलकात बसवण्यासाठी तीन जणांनी माझ्याकडे मोल्डावाइट नावाचे हिरवे खडे आणले, आणि ते हातावर ठेवताना तिघांनीही ‘उल्केचा तुकडा आहे, जपून करा’ असेच बजावले. जालन्यातल्या चांदीकाम करणाऱ्याने भूशास्त्रात नाक खुपसू नये, असे कुणाला वाटेल. पण खडा शेवटी माझ्याच हातून कोंदणात बसतो आणि पावतीवर त्याचे नाव मलाच लिहावे लागते.

मोल्डावाइट हा उल्केचा तुकडा नव्हे. सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी आजच्या जर्मनीतील रीस येथे मोठा अशनी आदळला, त्या उष्णतेने जमिनीच्या वरच्या थरातील वाळू-माती वितळली आणि शेकडो किलोमीटर पूर्वेला फेकली जाऊन आजच्या चेक प्रजासत्ताकात काचेच्या रूपाने पडली. म्हणजे आघात आकाशातून आला, पण माल पृथ्वीचाच. इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवरील वाळवंटात मिळणारी पिवळसर काचही अशीच वितळलेल्या वाळूची आहे. तिच्यात सुमारे ९८ टक्के सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, असते. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याच्या वक्षभूषणातला भुंगा याच काचेतून कोरलेला आहे, त्यामुळे या काचेला दागिन्यात मान मिळावा म्हणून तिला आकाशातून पडलेली ठरवण्याची गरज मला तरी दिसत नाही.

आपल्याला तर हे समजायला दूर जावे लागत नाही. मंठ्याहून पुढे गेले की लोणार आहे. तिथला अशनी वाळूवर नव्हे, आपल्याच काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर आदळला. म्हणून तिथली काच काळी आणि अपारदर्शक आहे, दागिन्याच्या दृष्टीने अगदी साधी. पण त्या खडकातल्या काही खनिजांची न वितळताच, केवळ दाबाने काच झालेली आहे, आणि अभ्यासकांच्या लेखी तिचे मोल कोणत्याही हिरव्या खड्याहून अधिक आहे. लोणारचे सरोवर आणि त्याचा परिसर संरक्षित आहे. तिथून खिशात घालून आणलेला तुकडा माझ्याकडे कुणी आणला, तर मी तो बसवणार नाही.

आता खोट्या मालाविषयी. २०२० नंतर समाजमाध्यमांवर मोल्डावाइटचे वेड पसरले, भाव चढले आणि बाटलीच्या काचेचे ओतीव तुकडे बाजारात आले. भिंगाखाली बुडबुडे दिसले म्हणून खडा खरा ठरत नाही, कारण बुडबुडे साध्या काचेतही असतात. खऱ्या खड्यात शुद्ध सिलिकाचे पीळदार, अळीसारखे धागे दिसतात. पृष्ठभागावरच्या खाचा निसर्गाने कोरलेल्या असल्या तर दोन खड्यांवर त्या सारख्या नसतात. ओतीव मालात मात्र एकाच साच्यातून निघालेली जुळी भावंडे सापडतात. म्हणूनच मोल्डावाइटला पैलू पाडून गुळगुळीत करणे मला पटत नाही, कारण ओळखीची निम्मी खूण त्यात घासून जाते. कारागिरांनी हेही ध्यानात ठेवावे की मोल्डावाइटच्या काचेची कठिणता एक ते दहाच्या मोजपट्टीवर साडेपाचच्या आसपास, म्हणजे स्फटिकापेक्षा कमी आहे. अंगठीत ती लवकर ओरखडते, लोलकात टिकते, आणि झाळकाम, म्हणजे आच देऊन चांदी जोडणे, खडा बसवण्याआधीच उरकावे, एरवी ती तडकते.

खड्याने नशीब पालटते की नाही, यावर मी गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही. श्रद्धा त्याची, पैसाही त्याचा. मात्र विकणाऱ्याने खडा कुठल्या देशातला, कोणत्या आघाताचा आणि निसर्गाने घडवलेला आहे की ओतीव, एवढे लिहून द्यावे, असा माझा आग्रह आहे.

त्या तिघांपैकी दोघांचे खडे खरे वाटले. तिसऱ्या ताईंच्या खड्यात धागे नव्हते, आणि ज्या ऑनलाइन दुकानातून तो घेतला होता, तिथल्या छायाचित्रात त्याच खाचांचे आणखी चार तुकडे मांडलेले होते. मी त्यांना ते दाखवले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘भाऊ, रंग मला आवडलाय, बसवून द्या.’ मी लोलक केला, आणि पावतीवर लिहिले : चांदी, हिरवी काच.