सेफ्टी पिनवरून मुलांना गुन्हेगार ठरवणारा फॉरवर्ड

‘पालकांनो, वेळीच जागे व्हा’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या सोसायट्यांच्या, शाळांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. तुमच्याकडेही आला असेल. त्यात पाच मुद्दे आहेत. एक, फाटके कपडे अमेरिकेतल्या तुरुंगात सुरू झाले आणि ती कैद्यांची आपसातली अश्लील खूण होती. दोन, कपड्यांवरच्या सेफ्टी पिना आणि साखळ्या ही ड्रग्ज घेणाऱ्यांची ओळख आहे. तीन, ‘पंक’ नावाचा हा प्रकार हिटलरच्या भक्तांनी काढला. चार, काळे कपडे, पिना आणि विचित्र केस असलेली मुलं सैतानाला पुजतात, आत्महत्या करतात नाहीतर खून. म्हणून कपाट तपासा, कपडे जाळा, केस कापा. पाच, हा सगळा परदेशी कंपन्यांचा कट आहे, आणि तिकडे आता हे कुणी घालत नाही.

माझ्या ताईने हे वाचलं आणि भाचीचं डेनिमचं जॅकेट बोहारणीला देऊन टाकलं. ते जॅकेट भाचीने जुन्या बाजारातून घेतलं होतं. त्यावरचे कापडी तुकडे तिने हाताने शिवले होते आणि बाह्यांवर पिना लावल्या होत्या. ती सतरा वर्षांची आहे. दोन दिवस ती आईशी बोलली नाही आणि ताईला वाटलं, फॉरवर्डमध्ये लिहिलं होतं ते खरंच निघालं. म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करते. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर गैरसमज पसरेल. चौथ्याने माणसं मेली आहेत.

इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यात बेकप नावाचं छोटं गाव आहे. ११ ऑगस्ट २००७ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या स्टबिली पार्कमध्ये सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र यांच्यावर पोरांच्या एका टोळक्याने हल्ला केला. दोघं ‘गॉथ’ पद्धतीचे कपडे घालायचे: काळा पोशाख, टोचलेले दागिने, वेगळे रंगवलेले केस. गॉथ ही पंकमधूनच, म्हणजे १९७० च्या दशकातल्या बंडखोर संगीत आणि पेहरावाच्या लाटेतूनच, फुटलेली शाखा. मुलांनी आधी तिच्या मित्राला पाडलं. त्याला वाचवायला ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तेव्हा तिच्या डोक्यावर लाथा घातल्या. २४ ऑगस्टला ती गेली. ती दोघं वेगळी दिसत होती, एवढ्याच कारणावरून हल्ला झाला हे खटल्यात स्पष्ट झालं. दोघा मुलांना खुनासाठी जन्मठेप झाली. पुढे २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा पेहरावावरून होणारे हल्ले द्वेषातून केलेले गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली.

डिसेंबर २०११ मध्ये इंडोनेशियातल्या बांदा आचे शहरात पोलिसांनी गाण्याचा कार्यक्रम बंद पाडून साठहून अधिक पंक मुलामुलींना उचललं. त्यांनी कुठलाही गुन्हा केलेला नव्हता. मुलांची डोकी भादरली, मुलींचे केस कापले, साखळ्या आणि टोचलेले दागिने काढून घेतले, सगळ्यांना तळ्यात उतरवून ‘शुद्ध’ केलं आणि ‘सुधारण्यासाठी’ दहा दिवस पोलीस प्रशिक्षण केंद्रात ठेवलं. फॉरवर्डमधला ‘केस कापा’ हा सल्ला तिथे सरकारनेच अमलात आणला.

इराकमध्ये त्याच्याही पुढची पायरी गाठली गेली. तिथल्या गृहखात्याने ‘इमो’ (पंकमधूनच निघालेलं हळवं संगीत ऐकणाऱ्या) तरुणांचा पेहराव आणि सैतानपूजा यांची सांगड घालणारं निवेदन काढलं. त्यानंतर २०१२ च्या सुरुवातीला बगदादमध्ये घट्ट काळे कपडे आणि वेगळी केशरचना असलेल्या अनेक तरुणांचे खून झाले. काही वस्त्यांत भिंतींवर नावांच्या याद्या लागल्या: केस कापा, नाहीतर मरा. सैतानपूजेचा आरोप तेव्हाही असाच कुठल्याही पुराव्याशिवाय केलेला होता. आपल्या काकांच्या मोबाइलवरून आलेला मजकूर म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

आता आत्महत्येबद्दल. इथे एक अर्धसत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. ग्लासगोच्या संशोधकांनी १,२५८ मुलांचा अकराव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला आणि २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. स्वतःला गॉथ म्हणवणाऱ्या मुलांमध्ये स्वतःला इजा करून घेण्याचं आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण खरोखरच खूप जास्त आढळलं. पण अशी ठामपणे गॉथ असलेली मुलं त्या अभ्यासात जेमतेम पंचवीस होती. आणि काळे कपडे घातल्यामुळे असं होतं, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला नाही. आधीपासून त्रासात असलेली मुलं आपल्यासारख्यांच्या शोधात या गटात येत असावीत, ही शक्यता त्यांनी मांडली. ती खरी असेल तर फॉरवर्डचा सल्ला किती घातक आहे ते बघा. मूल आतून खचलेलं आहे, त्याला समजून घेणारी चार मित्रमंडळी कशीबशी मिळाली आहेत, आणि तुम्ही त्याचं कपाट उपसून, कपडे जाळून, त्या मित्रांपासूनही त्याला तोडणार. पोर खात नसेल, झोपत नसेल, अंगावर जखमा दिसत असतील तर त्याच्याशी बोला, डॉक्टरकडे न्या. मग त्याने काळा शर्ट घातलेला असो की शाळेचा गणवेश.

पहिला, तुरुंगाचा मुद्दा लवकर संपवते. अमेरिकेत पँट कमरेखाली घसरवून घालायची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल ही तुरुंगातल्या अश्लील खुणेची अफवा तिकडे अनेक वर्षं फिरते आहे. त्या पद्धतीचा प्रसार हिप-हॉप ऐकणाऱ्या मुलांमुळे झाला. फाटक्या कपड्यांशी तिचा संबंध नाही. कुणीतरी ती अफवा उचलली, मराठीत आणली आणि फाटक्या जीन्सला चिकटवली.

फाटका शर्ट आणि पिना यांचा माग काढला तर तो न्यूयॉर्कमधल्या सीबीजीबी या क्लबपर्यंत जातो. १९७४-७५ च्या सुमारास तिथे वाजवणारा रिचर्ड हेल फाटके टी-शर्ट पिनांनी जोडून घालायचा, केस वेडेवाकडे कापायचा. माल्कम मॅक्लॅरन या लंडनच्या दुकानदाराने तो अवतार पाहिला आणि ती कल्पना घरी नेली. त्या वेळचं ब्रिटन कसं होतं? १९७५ मध्ये महागाईचा दर चोवीस टक्क्यांच्या आसपास, बेकारांची संख्या दहा लाखांच्या पुढे, आणि १९७६ मध्ये सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागायची वेळ आलेली. शाळा सोडून बाहेर पडलेल्या मुलांना काम नव्हतं. ‘आम्हाला भविष्य नाही’ हे त्या मुलांचं ओरडणं हवेतून आलेलं नव्हतं.

डिक हेबडिज या अभ्यासकाचं ‘सबकल्चर: द मीनिंग ऑफ स्टाइल’ हे पुस्तक १९७९ मध्ये, म्हणजे हे सगळं ताजं असतानाच आलं. या विषयावर एकच काही वाचायचं असेल तर ते वाचा. पंक मुलांनी अंगावर काय काय चढवलं याची नोंद त्यात आहे: कचऱ्याच्या प्लास्टिक पिशव्या, संडासाच्या टाकीची साखळी, रंगाने बरबटवलेले शाळेचे गणवेश, सेफ्टी पिना. सगळ्या घरातल्या, स्वस्त वस्तू. त्या मूळ जागेवरून उचलून भलत्या जागी लावायच्या आणि बघणाऱ्याला थबकायला लावायचं, ही त्यांची रीत होती. आपल्या आजी आणि आत्या बांगडीत सेफ्टी पिन अडकवून ठेवतात, कारण कधी काय उसवेल सांगता येत नाही. या मुलांनी उसवलेलं लपवलं नाही, एवढाच फरक. पिन ड्रग्जची खूण असल्याचं मला कुठेही सापडलं नाही. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि चारशे डॉलरला ते विकून टाकलं, तेव्हापासून ती कपडे जोडायच्याच कामी येते आहे.

ड्रग्ज मात्र होती, हे नाकारत नाही. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडचा सिड व्हिशस फेब्रुवारी १९७९ मध्ये हेरॉइनच्या अतिरेकाने गेला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पण त्याच पंकमधून १९८१ च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये ‘स्ट्रेट एज’ ही धारा निघाली. मायनर थ्रेट या बँडचा इयन मकाय आणि त्याच्या बरोबरची मुलं दारू, सिगारेट, ड्रग्ज काहीही घ्यायची नाहीत. क्लबमध्ये अल्पवयीन मुलांना दारू दिली जाऊ नये म्हणून त्यांच्या हातावर फुली मारली जायची. या मुलांनी तीच फुली अभिमानाने स्वतःची खूण केली. म्हणजे पंकमधली हातावरची फुली निर्व्यसनी असण्याची खूण आहे! फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे शोधायला पाच मिनिटंही लागली नसती.

हिटलरच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण हा आरोप पूर्ण हवेतला नाही. सुरुवातीच्या काही पंक मंडळींनी नाझी स्वस्तिक अंगावर मिरवलं. सिडने मिरवलं, गायिका सूझी सूने मिरवलं, आणि मॅक्लॅरनच्या दुकानातल्या ‘डिस्ट्रॉय’ शर्टवरही ते होतं. बघणाऱ्याला धक्का द्यायचा, हा हेतू होता असं हेबडिजही म्हणतो. हेतू काही असो, ते वाईटच होतं. ज्यांची माणसं छळछावण्यांत मेली त्यांना त्या हेतूचं काय करायचं? पुढे तर मुंडन केलेल्या स्किनहेड तरुणांचा एक भाग उघडपणे नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाकडे गेला आणि आशियाई लोकांना मारत सुटला. ३ जुलै १९८१ ला लंडनच्या साउथॉलमध्ये, म्हणजे पंजाबी वस्तीत, स्किनहेड बँडचा कार्यक्रम ठेवला गेला. दंगल झाली आणि हॅम्बरो टॅव्हर्न हा पब जळाला. ते संगीत पंकचंच भावंड होतं.

पण ‘हिटलरच्या भक्तांनी काढला’? ३० एप्रिल १९७८ ला ट्राफल्गर चौकातून हजारो लोक चालत व्हिक्टोरिया पार्कला गेले. ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ची ती सभा नॅशनल फ्रंटच्याच विरोधात होती, आणि मंचावर द क्लॅश आणि एक्स-रे स्पेक्स हे पंक बँड होते, सोबत रेगे हे जमैकन धाटणीचं संगीत वाजवणारा स्टील पल्स बँड होता. एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरीन ही सोमाली बापाची मुलगी. दातांना तारा, अंगावर भडक रंगांचे प्लास्टिकी कपडे, आणि बाईने कसं दिसावं यावरच तिची गाणी. मार्गारेट थॅचर यांनी १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर ब्रिटिश लोकांना परक्या संस्कृतीच्या माणसांनी बुडून जाण्याची भीती वाटते असं म्हटलं, तेव्हा दक्षिण लंडनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या पोरांनी ‘एलियन कल्चर’ याच नावाचा पंक बँड काढून उत्तर दिलं. हिटलरचे भक्त असं करत नाहीत.

राहिला कंपन्यांचा कट. अर्धा मुद्दा पुन्हा देऊन टाकते: लंडनमध्ये पंक कपड्यांची सुरुवात एका दुकानातूनच झाली. ४३०, किंग्ज रोड. मॅक्लॅरन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांनी १९७४ मध्ये त्याचं नाव ‘सेक्स’ ठेवलं आणि पुढे ‘सेडिशनरीज’. सेक्स पिस्टल्स हा बँड त्या दुकानाच्या आवतीभोवतीच उभा राहिला आणि मॅक्लॅरनला धंदा करायचा होता, हे कुणी लपवलेलं नाही. पण त्या दुकानात खरेदी करणं बहुतेक पोरांना परवडत नव्हतं. ती जुन्या बाजारातून शर्ट आणायची, फाडायची, त्यावर रंगाने अक्षरं छापायची. सेक्स पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटनने पिंक फ्लॉइड या प्रस्थापित रॉक बँडच्या टी-शर्टवर ‘आय हेट’ एवढंच हाताने लिहिलं, हा त्याचा सगळ्यांत गाजलेला कपडा.

कंपन्या नंतर आल्या, आणि हेबडिज तेही महिन्यासकट सांगतो. १९७७ च्या उन्हाळ्यापर्यंत पंक कपडे टपालाने मागवता येऊ लागले, आणि त्याच सप्टेंबरात ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात डिझायनर झँड्रा ऱ्होड्सच्या पंक धर्तीच्या महागड्या कपड्यांचा आढावा आला. म्हणजे आधी गरिबीतल्या पोरांनी केलं आणि मग बाजाराने उचललं. फॉरवर्डने हा क्रम उलटा केला. कारखान्यात मुद्दाम जुनाट आणि फाटकी करून हजारो रुपयांना विकली जाणारी जीन्स मलाही आवडत नाही. तिच्याविरुद्ध खरा मुद्दा हवा असेल तर तो आहे: जीन्सला विटका रंग यावा म्हणून तिच्यावर वाळूचा मारा करत असत, त्या धुळीने तुर्कस्तानातल्या तरुण कामगारांना फुप्फुसाचा सिलिकोसिस झाला, कित्येक दगावले, आणि २००९ मध्ये तिथे ही पद्धत बंद करावी लागली. संस्कृती बुडाल्याची चिंता करणाऱ्या मजकुरात या कामगारांना एक ओळ नाही.

‘तिकडे आता कुणी घालत नाही’ याचं उत्तर यंगूनमध्ये आहे. म्यानमारमध्ये भिक्खूंनी लष्कराविरुद्ध मोर्चे काढले त्या २००७ च्या उठावानंतर ‘रिबेल रायट’ हा पंक बँड उभा राहिला. तीच पोरं, तेच काटेरी केस आणि खिळे ठोकलेली जॅकेटं घालून, शहरातल्या बेघरांना अन्न वाटत आली आहेत.

हे सगळं मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं आहे. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला असेल त्यांनी बाकी काही नाही तरी चौथा मुद्दा चुकीचा असल्याचं, जिथे जिथे पाठवला त्या त्या ग्रुपवर लिहा.