पार्किंग, काका आणि सुसिता

शुक्रवारची दुपार, शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा शनिवारचा विसावा, लागायला तासभर उरलाय, इस्राएलच्या अश्दोदमधे आमच्या बिल्डिंगभोवती ही माझी अकरावी फेरी, आणि मागच्या सीटवरची मासळीची पिशवी आता एसीला जुमानत नाहीये. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, तर आता घाणा गेला आणि बैल तेवढा मी उरलोय. फुटपाथची निळी-पांढरी कडा, जिथे पार्किंग चालतं, ती फुल्ल, लाल-पांढऱ्या कडेला लावली की दंडाची पावती ठरलेली.

शेजारी काका. अलिबागहून साठच्या दशकात आले, आणि गाडी जरा स्लो झाली की यांची सुसिता स्टार्ट होते.

"अरे आपल्या देशात गाडी बनायची, ठाऊक आहे का तुला?"

ठाऊक आहे हो काका, तिसऱ्या फेरीलाच झालं ते. हैफाची ऑटोकार्स कंपनी, तिचा मालक तो शुबिन्स्की, इंग्लंडच्या रिलायंटची मदत, 1960 ची सुसिता म्हणजे घोडी, आणि बॉडी फायबरग्लासची, कारण पत्रा दाबायचे साचे केवढ्याला पडतात आणि एवढ्याश्या देशात गाड्या खपणार किती! सातव्या फेरीला सब्रा आली, दोन सीटची स्पोर्ट्स कार, 1961 ला थेट न्यूयॉर्कच्या शोमधे. सब्रा म्हणजे निवडुंगाचं बोंड, बाहेरून काटे आतून गोड, इथे जन्मलेल्यांनाही तेच म्हणतात. "मी कसला सब्रा," काका म्हणाले, "मी आपला अलिबागचा पांढरा कांदा."

नवव्या फेरीला 1980 च्या सुमारास ऑटोकार्सचा धंदा बसला तेव्हा वाटलं सुटलो. पण गाडी कार्मेल, गिल्बोआ या त्यांच्याच मॉडेलांवरून फिरून परत सुसितावर. शेवटी वैतागून मी म्हणालो, काका, ती गाडी उंट खायचे ना?

हे बोलायला नको होतं. इथे सगळं गाव हा जोक मारतं आणि काकांच्या तो डोक्यात जातो.

"थांबव गाडी! फायबरग्लास काय कडबा आहे होय रे?" आणि दोन्ही हातांनी उंटाचा जबडा करून ते मला समजवायला लागले, मी मुकाट ब्रेक दाबून ऐकतोय, तेवढ्यात समोरची एक गाडी जागा सोडून निघाली आणि मागून एक चकाचक पांढरी येऊन सुळकन घुसली.

काकांनी काच खाली केली, तिच्याकडे नीट बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाहेरून आलेली!"